लाल धाग्याच्या मिरच्या

चुलीवर लोखंडी तवा. तव्यात गव्हाच्या पिठाची बोटभर जाड चकती, तिच्यावर टोमॅटोचा लालभडक लेप, लेपावर कोवळ्या वांग्याच्या पातळ चकत्या, कांद्याची पात, चिमूटभर ओवा... आणि या सगळ्यावर झाकण म्हणून दुसरा तवा, ज्याच्या खोलगट पोटात बाभळीचे फुललेले निखारे. वरून आच, खालून आच. त्या दोन तव्यांच्या फटीतून जो वास बाहेर यायचा – भाजलेल्या गव्हाचा, करपत आलेल्या लसणाचा, वांग्याच्या सालीचा आणि या सगळ्यांत मिसळलेल्या धुराचा – तो वास मला पुढे कुठल्याही हॉटेलात आला नाही. येणार तरी कसा म्हणा! हॉटेलवाले बाभळीचे निखारे कुठून आणणार?

या प्रकाराला आम्ही पिझ्झा म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि नंदाआत्या. बाकीचं घर त्याला वाट्टेल ते म्हणायचं. नाना, म्हणजे माझे वडील, 'भाजीची भाकर' म्हणत आणि मुकाट्याने खात. आई 'तुमचा तो पसारा' म्हणे, नाक मुरडे, आणि शेवटचा तुकडा मात्र हमखास तीच संपवी. राजूरहून भोकरदनला जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आमचं गाव, गावाबाहेर मळ्यात आमचं घर, आणि काळ नव्वदीच्या दशकाच्या मध्याचा. त्या पंचक्रोशीत पिझ्झा हा शब्द तरी कुणाच्या कानावरून गेला असेल का, याची मला शंकाच आहे.

नंदाआत्या ही नानांची धाकटी बहीण. माझे आजी-आजोबा मी पाहिलेच नाहीत. आत्याला लहानाची मोठी केली ती नानांनी आणि आईने. ती माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, भोकरदनच्या कॉलेजात बारावीपर्यंत शिकलेली, हसरी, गोरटेली, बोलायला लागली की समोरच्याला कामधाम विसरायला लावणारी. नात्याने आत्या, पण माझी सगळी दुनिया तिच्याभोवती फिरायची. आमची गोधडी एक, फणी एक, खोबरेल तेलाची बाटली एक. शाळेत कुणाशी भांडले तरी मी आधी तिला सांगायचे, आणि तिचं काही बिनसलं तरी ती गोधडीत तोंड खुपसून आधी मला सांगायची. आईपेक्षा माझा तिच्यावर अधिक भरवसा होता. हे वाक्य आज लिहिताना हात जड होतो, पण ते खरं आहे.

मैत्रिणीच्या लग्नासाठी आत्या औरंगाबादला गेली होती, तिथे कुणीतरी तिला एका बेकरीत नेलं आणि तिने पिझ्झा खाल्ला. एक तुकडा फक्त. परत आल्यावर मात्र तिने त्या तुकड्याचं वर्णन इतके दिवस पुरवलं की मला तो स्वप्नात दिसायला लागला. वरचं पांढरं तोंडात धरून ओढलं की तार निघते म्हणे, निघतच राहते... आणि वर हिरव्यागार ढोबळ्या मिरचीच्या गोल गोल कड्या, बांगड्या ठेवल्यासारख्या. ऐकता ऐकता मी आवंढे गिळायचे. शेवटी एका दुपारी आत्याच म्हणाली की आपल्याकडं काय कमी आहे, आपण करू.

कमी सगळंच होतं. त्या तारेसाठी आम्ही काय काय केलं, ते आठवलं की आजही हसू फुटतं. आधी खवा पसरला – तो गोड लागला आणि कडेने कोळसा झाला. मग चक्का घातला, तर पाणी सुटून पिझ्झ्याची आमटी झाली. मग आत्याला खरवसाची कल्पना सुचली आणि आम्ही दोघी म्हैस विण्याची वाट पाहत गोठ्याच्या खेपा घालू लागलो. आईला वाटायचं, पोरींना म्हशीची काय ती काळजी! खरवसाचे चौकोनी तुकडे तव्यात ढिम्म बसून राहिले, वितळण्याचं नाव नाही. अखेर लिंबू पिळून दूध फाडायचं, फडक्यात बांधून पाट्याखाली दाबायचं, ते कुस्करून त्यात साय कालवायची, असं ठरलं. तार कधीच निघाली नाही. पण चव अशी साधली की तार विसरून गेलो.

खालच्या चकतीचंही तसंच. पिठात दही आणि चिमूटभर सोडा घालून गोळा चुलीच्या उबेला ठेवायचा. आमच्याकडे शेतात गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, कणकेचे जाड रोडगे भाजतात, चारी बाजूंनी आच घेऊन ते आतवर शिजतात. ते पाहूनच मी म्हणाले होते की वरच्या तव्यात निखारे घालू या. ही वरच्या तव्याची युक्ती माझी, हे इथे बजावून ठेवते. पुढे कधी कुणी ते कबूल केलं नाही. टोमॅटो लसूण-तिखटाबरोबर आटवायचा आणि आंबटपणा मारायला त्यात गुळाचा खडा.

आणि भाज्या... भाज्या म्हणजे मळ्यात त्या घडीला जे असेल ते. श्रावणात बांधावरची करटुली आणि तांदुळजा. भादव्यात कोवळी भेंडी, उभी चिरून, आधी तव्यावर कोरडी करून घेतलेली, नाहीतर सगळं बुळबुळीत. दिवाळीनंतर मेथी आणि मुळ्याचा पाला. पौषात तर चैनच – गाजरं, काटेरी देठाची छोटी वांगी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, ओले सोलाणे, आणि थंडीने गोड झालेला पातीचा कांदा. उन्हाळ्यात मळा ओस पडला की मोड आलेली मटकी आणि वर कैरीचा कीस. शेतात काय आलं हे मला पंचांगातून कळत नसे, पिझ्झ्यावरून कळे. शाळेतून घरी येताना मी लांबूनच धुराचा वास घ्यायचे आणि आज कोणती भाजी आहे ते ओळखायचे. ओळखलं की आत्या माझ्या पाठीत एक प्रेमाचा धपाटा घालायची.

मी दहा-अकरा वर्षांची होते, त्या साली नानांनी ढोबळ्या मिरचीचा प्लॉट घेतला. आमच्या भागात हा धंदा घरोघरचा – जालन्याच्या बियाण्याच्या कंपन्यांसाठी शेतकऱ्यांनी बी तयार करायचं. म्हणजे मिरची लावायची, पण खाण्यासाठी नव्हे, विकण्यासाठीही नव्हे. ती झाडावरच पिकू द्यायची, लालबुंद झाली की फोडून तिचं बी काढायचं आणि सगळंच्या सगळं कंपनीला द्यायचं. मळ्याच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या जाळीचं मोठं घर उभं राहिलं. आत नर झाडांच्या ओळी वेगळ्या, मादी झाडांच्या वेगळ्या. संध्याकाळी बायका चिमट्याने मादीच्या कळ्या उघडून त्यातलं केसर काढून टाकत, सकाळी नर फुलांचे पराग आणून त्यांना लावत, आणि ज्या फुलाला लावलं त्याच्या देठाला लाल धागा बांधत. धागा असलेलं फळ बियाण्याचं. धागा नसलेलं फळ आपोआप धरलेलं, म्हणून निकामी; ते सुपारीएवढं असतानाच शोधून तोडून टाकायचं. नाना आम्हा सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत, धागा बांधला म्हंजे ते फळ आपलं न्हाई.

त्या जाळीच्या दाराला कुलूप असे. एक किल्ली नानांच्या करदोट्याला आणि दुसरी – अहो, दुसरी माझ्या गळ्यात! माझी नजर तेज होती, पानांआड लपलेलं बिनधाग्याचं फळ मला बरोबर दिसायचं. नाना कामाच्या बायकांना म्हणाले होते की वैशी जे दाखवील ते तोडायचं, आणि तिला विचारल्याबिगर कुणी कशाला हात लावायचा नाही. शाळेतून आले की दप्तर फेकून मी जाळीत शिरायचे. आत एक वेगळाच हिरवा, दमट, जरासा तिखट वास भरलेला असे, उन्हाचं गाळलेलं पांढरं तेज असे, आणि मी ओळीओळीतून हात मागे बांधून नानांसारखी चालायचे. मागून कधी नाना येत, मी काढलेली फळं हातात घेऊन पाहत, आणि काही न बोलता मान हलवीत. त्या मान हलवण्यासाठी मी जीव टाकायचे. इतकी मोठी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

तोडलेली ती सुपारीएवढी फळं घरी न्यायला नानांची परवानगी होती, त्यांत बी धरलेलं नसे. पिझ्झ्यावर आम्ही ती टाकायचो. पण ती नुसती हिरवी ठिपक्यांसारखी दिसत. आत्याला हव्या होत्या बांगड्या.

पौषाच्या आधी आत्याला पाहायला येणार असल्याचा निरोप आला. मुलगा जालन्यात नोकरीला, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. याआधी दोन स्थळं चहापोहे खाऊन, 'कळवतो' म्हणून गेली होती आणि कळवलं नव्हतं. आत्या वरून हसे, पण तेव्हा गोधडीत तिचे हुंदके मी ऐकले होते. या खेपेला तिने ठरवलंच, पोहे न्हाई, पिझ्झा करायचा. शहरातल्या माणसांना दाखवायचं की खेड्यातली पोर काय काय करू शकते. आई हबकली, पाव्हण्यांना भाकरीचे तुकडे पुढं करती का, म्हणाली. पण आत्या हटून बसली, आणि नाना म्हणाले, करू दे तिच्या मनासारखं.

मग ती माझ्याकडे आली. तिला मोठ्या मिरच्या हव्या होत्या, पूर्ण भरलेल्या, चिरल्यावर गोल कडी पडेल अशा. तशा मिरच्या सगळ्या मळ्यात एकाच ठिकाणी होत्या – लाल धागा बांधलेल्या. मी नाही म्हणाले. नर झाडांच्या मिरच्या देते म्हणाले, पण त्या बारक्या आणि वाकड्या. तिने पुन्हा गळ घातली, हनुवटीला हात लावला. मी तरी नाहीच म्हणाले. नानांनी सांगितलंय, धाग्याच्या तोडायच्या न्हाईत. आत्या खळखळून हसली, माझा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "बरं बाई मालकीणबाई, राहू दे." मला तर वाटलं, माझ्या या ठामपणाचं तिला कौतुकच वाटलं.

पाहुणे राजूरला गणपतीचं दर्शन घेऊन दुपारी येणार होते. सकाळी आत्याने मला न्हाऊ घातलं. तिच्याच दिवशी, तिला स्वतःचं आवरायचं असताना! शिकेकाई चोळली, बंबातलं कढत पाणी घातलं, केसांत गुंता होईल म्हणून गळ्यातली किल्ली स्वतःच्या हाताने काढून कोनाड्यात ठेवली, आणि केस वाळेपर्यंत मला मागच्या अंगणात उन्हाला बसवलं. उठू नको हं, सर्दी होईल, म्हणाली. हिवाळ्याचं ते कोवळं ऊन, ओल्या केसांचा वास, मानेवरून ओघळणारे थेंब... मला वाटत होतं, आज आत्याचा इतका मोठा दिवस आणि तरी ती माझे लाड करून राह्यली. मी अर्धवट डोळे मिटून शहाण्यासारखी बसून राहिले. तिने हाक मारली, वेणी घातली आणि किल्ली पुन्हा माझ्या गळ्यात घातली.

दुपारी पाहुणे आले. ओसरीवर सतरंजी, भिंतीला लोड. मुलगा चष्मेवाला, त्याची आई जरीच्या साडीत. मी पाण्याचे पेले घेऊन उभी होते आणि आतून आत्या ताट घेऊन आली. पदर डोक्यावर, नजर खाली. ताटात पिझ्झ्याचे त्रिकोणी तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर – जाड, गोल, हिरव्यागार कड्या. कडेने किंचित भाजलेल्या. एकसारख्या.

मुलाच्या आईने तोंडभरून स्तुती केली. मुलाने दुसऱ्यांदा घेतला. नाना मुलाच्या वडिलांशी बियाण्याविषयी बोलत होते, त्यांचं ताटाकडे लक्षच नव्हतं. चेहऱ्यावर मात्र बहिणीचं चांगलं होत असल्याचा आनंद मावत नव्हता. मी आत्याकडे पाहत होते, एकसारखी पाहत होते. तिने सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी तशीच मागच्या दाराने जाळीकडे पळाले. दाराजवळच्या ओळीत देठ मोडलेले होते, आणि मातीत लाल धागे पडले होते, चपलेने दाबले गेलेले.

मी कुणाला काही बोलले नाही. पाहुण्यांपुढे तमाशा कशाला? आणि मला खात्री होती – अगदी, बिलकुल खात्री – की पाहुणे गेले की आत्या आपण होऊन नानांना सांगेल. नाना थोडे रागावतील, ती रडेल, मग सगळं निवळेल. मी वाट पाहिली. त्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी... ती गाणी गुणगुणत होती. मुलाकडचा होकार आला आणि घरात पेढे वाटले गेले.

त्याच सुमारास कंपनीचा फील्डमन प्लॉट पाहायला आला. तरुण, पण डोळ्यांनी ससाणा. दारातच थबकला, खाली वाकला, मोडलेले देठ पाहिले, मातीतला धागा चिमटीत धरून वर केला. फळ बाहेर गेलं म्हणजे बी बाहेर गेलं, असं तो नानांना म्हणाला. कंपनीचं वाण असं चोरून दुसऱ्याला देणारे लोक त्याने पाहिले होते. असं असेल तर पुढच्या साली प्लॉट मिळायचा नाही, आणि आताचाही ठेवायचा की नाही ते वर विचारावं लागेल. नाना पांढरेफटक पडले. ज्या माणसाने कधी कुणाच्या बांधावरची काडी उचलली नाही, त्याच्यावर हे बालंट!

नानांनी सगळ्यांना जाळीच्या दारापाशी बोलावलं. कामाच्या बायका डोक्यावरचे पदर सारखे करत एका कडेला उभ्या राहिल्या, घाबरलेल्या; गरिबावर आळ यायला किती वेळ लागतो, ते त्यांना माहीत होतं. आई आली, आत्या आली. नाना म्हणाले, कुणी तोडल्या ते सांगा, मी कुणाला मारणार न्हाई. मग त्यांनी माझ्या गळ्यातल्या किल्लीकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला भीती वाटली नाही. आत्या होती ना तिथे! मी वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ती पुढे आलीसुद्धा. माझ्या शेजारी उभी राहिली. माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याच सवयीच्या मायेने, आणि नानांना म्हणाली,

"दादा, पोर हाय ती. पाव्हण्यासाठी तोडल्या तिनं, हौसेनं. तिला काय कळतंय? माझ्याकडं बघून माफ करा."

झालं. सगळं एका क्षणात सुटलं. फील्डमन हसला, अहो, मंग आधी सांगायचं की, लेकरानं खाल्ल्या तर काय एवढं, म्हणाला आणि मोडलेल्या देठांकडे पाठ करून पुढच्या ओळींकडे निघाला. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांतली एक तर माझ्याकडे पाहून गोड हसली. प्लॉट वाचला, नानांचं नाव वाचलं, आत्याची सोयरीक वाचली. सगळ्यांचं सगळं बराबर जागच्या जागी बसलं.

तू बोलली का नाहीस, असं तुम्ही विचाराल. मी स्वतःला आजवर तेच विचारत आले आहे. पण तिचा हात माझ्या डोक्यावर होता. ज्या हाताने मला न्हाऊ घातलं, ज्या हाताने गोधडी ओढून माझ्या अंगावर घातली, तोच हात. त्या हाताखाली माझा आवाज घशातच थिजला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा इतकंच कळलं की गळ्यातून शब्द निघत नाही. आणि तो निघण्याआधी नानांनी माझ्यापुढे तळहात पसरला होता.

मी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी किंचाळून खरं सांगितलं असतं. ते नुसते थकल्यासारखे दिसले आणि म्हणाले, "उद्यापासून जाळीत येऊ नको, वैशे."

मी धावत आईकडे गेले. ती चुलीपुढे पीठ मळत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं – न्हाऊ घातलं ते, किल्ली काढली ते, धागे, सगळं. तिचा मळणारा हात थांबला नाही. मला माहीत हाय, ती म्हणाली, मी पाह्यलंय तिला चिरताना. तिला माहीत होतं, आणि ती तिथे, जाळीच्या दारात, माझ्यापासून चार हातांवर उभी होती! आई पिठाकडे बघतच हळू आवाजात म्हणाली,

"दोन ठिकाणं मोडली तिची. हे बी मोडलं तर जन्मभर घरात बसंल ती. तू लहान हाईस. तू इसरून जाशील."

वैशाखात लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मी इतकी रडले की बायका म्हणाल्या, बघा, आत्या-भाचीचा जीव किती. जीव कसला! संतापाने रडत होते मी. आत्याने मला कवेत घेतलं आणि कानात म्हणाली, सुट्टीत जालन्याला ये, खरा पिझ्झा खाऊ घालते. म्हणजे आपला तो खोटा होता का, असं मला विचारायचं होतं. पण ती जीपमध्ये बसली होती.

त्यानंतर आमच्या चुलीवर दोन तवे एकावर एक कधी चढले नाहीत. आईने एकदा आपण होऊन विचारलं, करायचा का गं तुझा पिझ्झा, मी नको म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. करटुली आली, मेथी आली, सोलाणे आले, भाजीच्या टोपलीतून भाजीच्या कढईत गेले. नाना पुढेही प्लॉट घेत राहिले, कधी टोमॅटोचा, कधी काकडीचा. जाळीच्या दाराची दुसरी किल्ली एका दूरच्या नात्यातल्या माणसाकडे गेली. नानांनी मला कशाची कमी पडू दिली नाही, शिकवलं, बाहेरगावी कॉलेजात घातलं, माझ्या लग्नात ढसाढसा रडले. फक्त मी काही सांगितलं की ते दुसऱ्या कुणाला तरी तेच हळूच विचारून घेत. पोती मोजली म्हटलं की एकदा स्वतः मोजत. त्यांना वाटे मला कळत नाही. माया तसूभरही कमी झाली नाही हो, भरवसा मात्र त्या दिवशी पसरलेल्या तळहातावर राहिला, तो मला परत मिळाला नाही. आणि मी अख्खं तरुणपण तो परत मिळवण्यात घातलं – एक वस्तू इकडची तिकडे केली नाही, एक शब्द खोटा बोलले नाही, पै-पाहुण्यात, सासरी, कुठेच. ज्याने बघावं म्हणून हे सगळं केलं, तो माणूस दुसरीकडे विचारून घेत राहिला.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. आत्याने जालन्यात नवं घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हाला सगळ्यांना बोलावलं. नाना आता काठी घेऊन चालायला लागले होते. आईला कमी दिसायचं. जेवणं झाल्यावर संध्याकाळी घरचीच माणसं उरली, तेव्हा आत्याने मुलांसाठी ओव्हनमध्ये पिझ्झे केले. वर वितळलेलं चीज, तार निघणारं, आणि ढोबळ्या मिरचीच्या हिरव्या कड्या. मुलं तुटून पडली. आत्या कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला ते आठवलं.

"ही तुमची वैशूताई आहे ना," ती मुलांना म्हणाली, "हिनं माझ्या बघण्याच्या दिवशी काय केलं माहितीये? कंपनीच्या बियाण्याच्या मिरच्या तोडून आणल्या, पिझ्झ्यासाठी! एवढीशी होती. मीच वाचवलं हिला."

पोरं खिदळली. जावईबापू, तेच चष्मेवाले, हसता हसता म्हणाले की तरीच मला तो पिझ्झा आवडला. मी आत्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतकी वर्षं मी तिच्या चेहऱ्यावर शोधत आले होते – एखादी चुकवलेली नजर, एखादं अडखळणं. तिथे काहीच नव्हतं. ती थापा मारत नव्हती. ती जे सांगत होती, ते तिला तसंच आठवत होतं. त्या दिवसाची खरी हकीकत जगात तीन जणींना माहीत होती; त्यांतली एक आता मोजायची नव्हती.

मग मी बोलले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "आत्या, मिरच्या तू तोडल्या होत्या. मला न्हाऊ घालून उन्हात बसवलंस आणि किल्ली घेऊन गेलीस."

ती मनापासून हसली. मी? येडी का काय, अगं किल्ली तर तुझ्या गळ्यात राह्यची! सगळे आणखी हसले. एवढी मोठी झाली तरी कबूल करत नाही बघा, असं कुणीतरी म्हणालं. मी आईकडे वळले. आई रिकाम्या ताटल्या एकात एक घालत होती, सावकाश, चाचपून, जणू त्यांतली एखादी फुटेल. तिने मान वर केली नाही.

नाना खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, आणि इतक्या प्रेमाने, इतक्या खऱ्या प्रेमाने ते बोलले.

"असू दे गं, वैशे. लेकरू होतीस. म्या तर तवाच माफ केल्तं तुला."

त्या थंडीतच नाना गेले. शेवटच्या दिवसांत मी त्यांच्या उशाशी होते, पाणी पाजत होते, पाय चेपत होते, आणि रोज ठरवत होते की आज सांगेन. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, कुणाविषयी मनात काही ठेवलेलं नव्हतं. माझ्याविषयीही नाही. मला त्यांनी पूर्ण माफ केलं होतं.